आडव्या कापावरचे जग : थॉमस ब्युइक आणि लाकडावरील उत्कीर्णनाची कला

ठशावरून चित्र छापण्याच्या कलेचा, म्हणजे मुद्राचित्रणाचा, इतिहास बहुधा चित्रकारांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु या कलेत साधनद्रव्याचा वाटा इतका मोठा असतो की कोणत्या लाकडाचा कोणता काप घेतला आणि त्यावर कोणते हत्यार कसे चालवले, हे कळल्याखेरीज चित्रकाराच्या प्रतिभेविषयीचे कोणतेही विधान अपुरेच राहते. ईशान्य इंग्लंडमधील न्यूकॅसल या कोळशाच्या व्यापारावर पोसलेल्या बंदरात आयुष्य घालवलेला थॉमस ब्युइक (१७५३–१८२८) हा या गोष्टीचा ठळक दाखला होय. त्याचे बहुतेक ठोकळे तळहातात मावतील एवढे होते. त्यांवरची उत्तम चित्रे त्याच्या घरापासून एका दिवसाच्या पायपिटीत येणाऱ्या मुलखातली होती. आणि तरीही त्या ठोकळ्यांनी इंग्लंडमधील छापील पुस्तकाचे रूप पालटून टाकले. पाहणारा डोळा आणि कोरणारा हात एकाच माणसाचे असणे, हे या यशाचे मर्म होते. पुढे त्याच्याच शिष्यांनी वाढवलेल्या धंद्यात डोळा एकाचा आणि हात दुसऱ्याचा झाला, तेव्हा कौशल्य वाढले, पण ती कला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ झाकोळून गेली.

लाकूड, तांबे आणि खिळे

लाकडी ठशावरून चित्र छापण्याची रीत ब्युइकच्या काळी युरोपात साडेतीनशे वर्षांची जुनी झाली होती. या जुन्या रीतीत, जिला वुडकट म्हणतात, झाडाचा बुंधा लांबीच्या दिशेने चिरून फळी काढली जात असे, तिच्यावर चित्र रेखाटले जाई आणि जी रेषा कागदावर उमटायची ती तेवढी शाबूत ठेवून तिच्या दोन्ही अंगांचे लाकूड सुरीने व पटाशीने काढून टाकले जाई. सोळाव्या शतकाच्या तोंडावर जर्मनीत अल्ब्रेख्ट ड्यूररच्या चित्रांनी या रीतीला फार मोठ्या उंचीवर नेले. तरी तिची मूळ अडचण कायम राहिली, ती अशी की उभ्या फळीत लाकडाचे तंतू एकाच दिशेने धावत असल्याने हत्यार तंतूंच्या अंगाने घसरते, तंतू आडवे तोडताना कपची निघते, आणि त्यामुळे केसासारखी बारीक रेषा कोरणे कठीण व टिकवणे त्याहून कठीण होते.

वुड एन्ग्रेव्हिंग, ज्याला मराठीत काष्ठोत्कीर्णन म्हणता येईल, त्यात लाकूडही वेगळे असते, कापही वेगळा असतो आणि हत्यारही वेगळे असते. त्यासाठी वापरतात ते बॉक्स नावाच्या सदाहरित झाडाचे लाकूड. हे झाड अतिशय सावकाश वाढते, त्याचे खोड फारसे जाड होत नाही, पण लाकूड पिवळसर, घट्ट आणि हस्तिदंतासारखे गुळगुळीत निघते. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे हे खोड आडवे कापले की तंतूंची केवळ टोके पृष्ठभागावर येतात आणि हत्याराला कोणत्याही दिशेने सारखाच मार्ग मिळतो. हे हत्यार सुरी नसून ब्युरिन असते, म्हणजे टोकाला तिरपे घासून धार दिलेली पोलादी सळई, जिची अळंबीसारखी मूठ तळव्यात रुतवून ती पुढे ढकलायची असते. ठोकळा वाळू भरलेल्या कातडी गादीवर ठेवलेला असतो आणि वळणदार रेषा हवी असेल तेव्हा हात फिरवण्याऐवजी ठोकळाच ब्युरिनच्या टोकाखाली फिरवला जातो. खोडच बारीक असल्याने चित्राचा आकार झाडानेच ठरवून दिलेला असे. मोठे चित्र हवे असल्यास अनेक तुकडे जोडावे लागत.

तांब्याच्या पत्र्यावरचे उत्कीर्णन ब्युइकच्या काळी अधिक प्रतिष्ठेचे मानले जाई, परंतु त्याची छपाई अगदी उलट तत्त्वावर चालते. तांब्यात कोरलेल्या खाचेत शाई भरतात, पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात आणि ओलसर कागद त्यावर घालून रुळांच्या जबर दाबाखालून काढतात, म्हणजे खाचेतली शाई कागदावर उतरते. मजकुराचे खिळे याच्या उलट, उंचवट्यावर शाई घेऊन छापतात, त्यामुळे तांब्याचे चित्र आणि खिळ्यांचा मजकूर एका दाबात एका पानावर येऊ शकत नाहीत. महाराष्ट्रातल्या आरंभीच्या मुद्रणाकडे पाहिले तर हा फरक लगेच ध्यानात येतो: नाना फडणविसांच्या काळी पुण्यात आरंभलेला आणि १८०५ साली मिरजेत छापून निघालेला भगवद्गीतेचा ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला होता, म्हणजे तिथे मजकुराचे अख्खे पानच कोरून काढावे लागले होते. लाकडी ठोकळा मात्र खिळ्यांच्या उंचीचा, म्हणजे एका इंचाहून किंचित कमी जाडीचा, तासून घेतला की जुळाऱ्याला तो खिळ्यांच्या शेजारीच फर्म्यात बसवता येतो, आणि चित्र व मजकूर एकाच वेळी, एकाच शाईत, एकाच खर्चात छापून निघतात. शिवाय बॉक्सचा आडवा काप तांब्यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो. आपल्या एका ठोकळ्यावरून नऊ लाखांहून अधिक छापे निघाल्याची नोंद ब्युइकने आत्मवृत्तात केली आहे.

ही पद्धत ब्युइकने शोधून काढली असे म्हणणे चूक ठरेल. आडव्या कापावर ब्युरिनने कोरण्याचे प्रयोग त्याच्या आधी झाले होते आणि १७२२ साली निघालेल्या सॅम्युएल क्रॉक्सॉलच्या इसापनीतीत, जी ब्युइकने बालपणी आवडीने वाचली होती, काळ्या पार्श्वभूमीतून पांढरी रेषा काढण्याची युक्ती आलेलीही होती. परंतु त्याच्या आधी ही पद्धत स्वस्त पोथ्यांची आणि जाहिरातींच्या कागदांची चाकरी करत होती. तिच्यात प्रकाश, हवा, पिसांचा मऊपणा आणि ओल्या दगडाची चकाकी पकडता येते, हे त्याने दाखवून दिले.

टाइनकाठची शाळा

ब्युइकचा जन्म ऑगस्ट १७५३ मध्ये नॉर्थंबरलंड परगण्यात, टाइन नदीच्या दक्षिण तीरावरील चेरीबर्न या लहानशा शेतघरात झाला. वडील कुळाने शेती करत आणि जवळच एक छोटी कोळशाची खाणही चालवत; आठ भावंडांत थॉमस थोरला. नदीपलीकडच्या ऑव्हिंगहॅम गावात पाद्र्याच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले, ते लॅटिनपेक्षा पाटीच्या आणि वह्यांच्या कडांवर काढलेल्या चित्रांतच अधिक. कागद संपला की खडूने घरातली फरशी, चुलीपुढचे दगड, चर्चची ओसरी आणि थडग्यांचे सपाट दगडही त्याने चितारून टाकल्याचे तो स्वतःच सांगतो. चित्रकलेचा शिक्षक त्याला कधी भेटला नाही. पाहायला मिळालेली चित्रे म्हणजे सराईंच्या पाट्या आणि शेतकऱ्यांच्या भिंतींवरचे स्वस्त छापे.

त्याच्या पाहण्याला वळण मिळाले ते नदीकाठी, शिकारीत आणि शेतकामात. पोरवयात दगड मारून पाडलेला एक बुलफिंच पक्षी हातात घेतला, तेव्हा त्याच्या डोळ्यांतला भाव पाहून आपण पुन्हा पक्ष्याला दगड मारला नाही, असे त्याने आत्मवृत्तात लिहिले आहे. या आठवणीत करुणा आहे, पण चित्रकाराच्या दृष्टीने तिचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे, ते असे की पक्षी हातभर अंतरावरून, पिसांच्या थरासह आणि डोळ्यातल्या चमकेसह पाहण्याची सवय त्याला तेव्हापासूनच लागली. पुढे त्याने कोरलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका असतो, जो ब्युरिनच्या एकाच टोचणीने काढलेला असतो, आणि त्या ठिपक्यावरच सारा पक्षी जिवंत होतो.

लग्नपत्रिकेपासून शवपेटीच्या पाटीपर्यंत

१ ऑक्टोबर १७६७ रोजी, वयाच्या चौदाव्या वर्षी, ब्युइक न्यूकॅसलमधील उत्कीर्णक राल्फ बीलबी यांच्याकडे सात वर्षांच्या करारावर उमेदवार म्हणून दाखल झाला. हे दुकान कलाशाळा नव्हते. चांदीच्या भांड्यांवरची नावे, घड्याळांच्या तबकड्या, तलवारी, शिक्के, दारावरच्या पाट्या, कुत्र्यांचे गळपट्टे, शवपेटीवरचे पत्रे, दुकानांची बिले आणि बँकांच्या नोटा, असे गावाला लागणारे सगळे कोरीव काम तिथे होत असे. बीलबींना लाकडावरच्या कामात रस नव्हता, ते त्यांना हलके वाटे. म्हणून गणितज्ञ चार्ल्स हटनच्या क्षेत्रमापनावरील ग्रंथासाठी लाकडी ठोकळ्यांवर आकृत्या हव्या होत्या तेव्हा ते काम त्यांनी उमेदवाराकडे सोपवले. सरळ रेषा स्वच्छ आणि सारख्या जाडीची काढण्याचा धडा ब्युइकला या भूमितीतूनच मिळाला.

उमेदवारी संपल्यानंतर एका प्रकाशकासाठी त्याने कविवर्य गे यांच्या नीतिकथांची चित्रे कोरली, आणि त्यांतल्या एका शिकारी कुत्र्याच्या चित्रासह काही ठोकळ्यांबद्दल लंडनच्या कला, उद्योग व व्यापार यांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेने १७७५ सालचे सात गिनींचे पारितोषिक त्याला दिले. ती रक्कम त्याने आईच्या हाती ठेवली. १७७६ साली तो स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात सुमारे तीनशे मैल पायी हिंडून आला, त्यानंतर धंद्यासाठी लंडनला गेला, पण तिथले जीवन त्याला मानवले नाही; लंडनमध्ये राहून पंतप्रधान व्हावे लागले तरी त्यापेक्षा घराजवळच्या मिकलीच्या टेकडीवर मेंढ्या राखणे आपण पत्करू, अशा अर्थाचे त्याचे उद्गार आहेत. १७७७ च्या जूनमध्ये तो परतला आणि बीलबींचा भागीदार झाला.

या निवडीचा परिणाम त्याच्या कलेवर खोलवर झाला. पुढील आठ वर्षे दर आठवड्याला न्यूकॅसलहून चेरीबर्नपर्यंतची सुमारे अकरा मैलांची वाट तो पायी तुडवत आईवडिलांना भेटायला जात असे, उन्हात, पावसात आणि बर्फातही, आणि वाटेत नदीला पूर आला असेल तर ती ओलांडण्याची कसरतही करत असे. त्याच्या चित्रांत वारंवार दिसणारे पाठमोरे वाटसरू, वाऱ्यात टोपी सावरणारे म्हातारे, ओलेकच्च कुत्रे आणि बर्फाने वाकलेल्या फांद्या या वाटेवरच जमा झाल्या.

पांढरी रेषा

ब्युइकच्या पद्धतीचा गाभा समजण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: न कोरलेल्या ठोकळ्यावर शाई लावून तो छापला तर कागदावर सपाट काळा चौकोन उमटतो. वुडकटचा कारागीर या काळ्यातून आधी कागदावर काढलेली काळी रेषा वाचवण्याचा प्रयत्न करतो, म्हणजे त्याच्या लेखी चित्र म्हणजे जे उरते ते. ब्युइक उलट बाजूने विचार करतो. त्याच्या हाती ब्युरिन आहे, आणि ब्युरिनची प्रत्येक हालचाल कागदावर पांढरी होऊन उमटणार आहे, म्हणून तो काळोखातच उजेड काढत जातो. यालाच पांढऱ्या रेषेची पद्धत म्हणतात. पाटीवर खडूने चितारणाऱ्या मुलाला ही पद्धत स्वाभाविक वाटली असेल तर नवल नाही, कारण पाटीवरही काळे आधीच असते आणि हात फक्त पांढरे काढतो.

ब्रिटिश पक्ष्यांवरील ग्रंथातले स्टार्लिंगचे चित्र या दृष्टीने न्याहाळण्याजोगे आहे. आपल्याकडच्या साळुंक्या आणि भोरड्यांच्या कुळातला हा पक्षी काळसर, तकतकीत असतो आणि त्याच्या अंगावर फिकट ठिपके असतात. तांब्यावर कोरणाऱ्याला हा काळेपणा हजारो रेषांच्या जाळीतून बांधून आणावा लागला असता. ब्युइकला तो लाकडानेच फुकट दिला आहे. त्याने छातीवर आणि पाठीवर आखूड, किंचित निमुळते फटकारे मारले आहेत, ते मानेकडे जवळजवळ आणि पोटाकडे विरळ होत जातात, आणि त्यांच्या लांबीतल्या फरकातून पिसांची ठेवण व अंगाची गोलाई दोन्ही एकदमच व्यक्त होतात. रंग, पोत आणि आकार या तीन गोष्टींसाठी तीन वेगळी कामे करण्याऐवजी एकाच हालचालीत तिन्ही साधणे, हे या पद्धतीचे सामर्थ्य आहे.

दुसरी युक्ती डोळ्याला सहजासहजी दिसत नाही. दूरची टेकडी किंवा धुक्यातले झाड काळ्या शाईत फिके उमटवायचे तर ठोकळ्याचा तेवढा भाग कोरण्यापूर्वीच खरवडून किंचित खाली घ्यायचा, म्हणजे छापताना त्या भागावर दाब कमी पडतो आणि रेषा काळी न उमटता करडी उमटते. लाकडाचा पृष्ठभाग अशा रीतीने कागदाच्या जाडीएवढ्या उंचसखलपणाने घडवणे हे ब्युइकचे खास कसब होते, आणि त्याची छपाई तितक्याच काळजीने केली नाही तर ते मातीमोल होई. आपल्या पुस्तकांच्या मुद्रकांशी त्याचे वारंवार खटके उडत, त्याचे एक कारण हेच होते.

चित्र ठोकळ्यावर उतरवण्याची त्याची रीतही साधी होती. कागदावर पेन्सिलने आणि जलरंगाने तो ठोकळ्याच्या आकाराचेच चित्र काढी, कागदाची मागची बाजू काळी करून तो ठोकळ्याभोवती घडी घालून बसवी आणि टोकदार सळईने मुख्य रेषा दाबून उतरवून घेई. आज शिल्लक असलेल्या त्याच्या रेखाटनांवर या घड्यांच्या खुणा आणि सळईने उमटलेल्या रेषा दिसतात. पण उतरवलेला हा आराखडा फक्त कडांपुरता असे. पिसे, गवत, पाणी आणि सावल्या हे सारे थेट लाकडावर, ब्युरिननेच घडे, आणि त्यामुळे कोरताना घेतलेला प्रत्येक निर्णय चित्रकाराचाच निर्णय ठरे.

चतुष्पाद, पक्षी आणि पाहण्याची मर्यादा

बालपणी हाती आलेल्या तीनशे प्राण्यांच्या एका पुस्तकातली चित्रे ब्युइकला अगदी सुमार वाटली होती, आणि मुलांना त्याहून बरे काही द्यावे या इच्छेतून त्याने आपला पहिला मोठा ग्रंथ हाती घेतला. त्याचा पहिला ठोकळा, उंटाचा, त्याने १५ नोव्हेंबर १७८५ रोजी कोरायला घेतला. त्याच दिवशी त्याचे वडील वारले. आई त्याच वर्षी आधी गेलेली होती, आणि आठवड्याची ती पायवाट इथे संपली. दिवसा दुकानातले घड्याळांचे आणि नोटांचे काम, आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात प्राण्यांचे ठोकळे, अशा क्रमाने ‘जनरल हिस्टरी ऑफ क्वाड्रुपेड्स’ १७९० साली प्रसिद्ध झाला. मजकूर बहुतांशी बीलबींनी लिहिला होता. ब्युइकच्या हयातीत या ग्रंथाच्या आठ आवृत्त्या निघाल्या.

या ग्रंथात त्याच्या प्रेरणेचा स्वभाव आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. गावात आलेल्या फिरत्या प्राणिसंग्रहांत त्याला काही परदेशी प्राणी पाहायला मिळाले, पण कित्येकांची चित्रे त्याला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफॉच्या ग्रंथातल्या चित्रांवरूनच काढावी लागली, आणि अशा ठिकाणी हात कुशल असूनही प्राणी निर्जीव राहतो. उलट टाइनकाठची मेंढी, गाढव, शेतावरचा कुत्रा किंवा मोकळा घोडा कोरताना तो एकाही रेषेत चाचरत नाही. न पाहिलेले त्याला कोरता येत नसे, ही त्याची उणीव होती आणि याच उणिवेत त्याची सचोटीही होती.

या सचोटीची कसोटी १७८९ सालच्या चिलिंगहॅमच्या बैलाच्या चित्राने पाहिली. विक्लिफचे जमीनदार आणि संग्राहक मार्मड्यूक टन्स्टल यांनी नॉर्थंबरलंडमधील चिलिंगहॅमच्या कुरणातल्या रानटी पांढऱ्या गुरांपैकी एका बैलाचे चित्र मागवले. कळप माणसाला जवळ येऊ देईना, तेव्हा प्रतिस्पर्ध्याकडून हरून कळपाबाहेर पडलेला एकटा बैल ब्युइकने गाठला आणि लपतछपत, सरपटत जाऊन त्याचे रेखाटन केले. त्याच्या नेहमीच्या मापाने हा ठोकळा फारच मोठा होता, आणि मूठभर छापे निघतात न निघतात तोच तो तडकला. त्या पहिल्या छाप्यांना, विशेषतः चामड्यावर छापलेल्या थोड्या प्रतींना, संग्राहक आजही फार मोलाचे मानतात.

पक्ष्यांवरील ग्रंथाच्या तयारीसाठी १७९१ साली ब्युइकने टन्स्टल यांच्या विक्लिफ येथील संग्रहात सुमारे दोन महिने घालवून पेंढा भरलेल्या पक्ष्यांची चित्रे काढली, परंतु परतल्यावर त्याच्या लक्षात आले की पेंढा भरणाऱ्याने पक्ष्याची ढब हरवून टाकलेली असते, पिसांचे थर विसकटलेले असतात आणि पाय व मान खोटे असतात. म्हणून शक्य तिथे ताजे मारलेले किंवा जिवंत पक्षी मिळेपर्यंत थांबायचे त्याने ठरवले, आणि देशभरातले परिचित त्याला पक्षी पाठवू लागले. ‘हिस्टरी ऑफ ब्रिटिश बर्ड्स’चा भूचर पक्ष्यांचा पहिला खंड १७९७ साली निघाला. त्यानंतर बीलबींशी असलेली भागीदारी मजकुराच्या श्रेयावरून संपुष्टात आली, आणि जलपक्ष्यांच्या १८०४ सालच्या दुसऱ्या खंडाचा मजकूर ब्युइकने स्वतःच लिहिला.

शेपटीतल्या गोष्टी

या ग्रंथांत एका पक्ष्याचे वर्णन संपले की पानाच्या तळाशी बरीच रिकामी जागा राहत असे, आणि ती भरण्यासाठी छोटे चित्र घालण्याची मुद्रकांची रीत होती. त्याला इंग्रजीत टेलपीस, म्हणजे शेपटीकडचा तुकडा, म्हणतात. इंग्रजीत शेपूट आणि गोष्ट या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच होतो, आणि या श्लेषाचा फायदा घेऊन ब्युइक आपल्या या चित्रांना गोष्टींचे तुकडे म्हणत असे. त्यांना चौकट नाही; कडेची झुडपे आणि पाणी कागदात विरून जातात, म्हणजे कागदाचा पांढरा रंग चित्राच्या आकाशाचा भाग होतो. ब्युइकच्या कीर्तीचा खरा आधार ही दोन-तीन इंची चित्रेच आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

एका चित्रात पुलावरचा कर वाचवण्यासाठी शेतकरी गाईच्या शेपटाला धरून नदी ओलांडतो आहे आणि वाऱ्याने त्याची टोपी उडून प्रवाहात पडली आहे, म्हणजे वाचलेल्या पैशापेक्षा गेलेल्या टोपीचीच किंमत अधिक. दुसऱ्यात बर्फाने झाकलेल्या, ओसाड पडलेल्या झोपडीसमोर एक मेंढी जुना खराटा कुरतडते आहे आणि तिचे कोकरू जवळ उभे आहे. खराट्याच्या काड्यांखेरीज खायला काही उरलेले नाही, हे सांगायला मजकुराची गरज पडत नाही. लाकडी पायाचे सैनिक, दूरच्या टेकडीवरचे फाशीचे खांब, आंधळ्याला ओढत नेणारा कुत्रा, बर्फाचा माणूस करण्यात दंग झालेली पोरे, हे सारे त्यांत आहे. ब्युइक विचाराने सुधारकी होता. अमेरिकन वसाहतींवरचे युद्ध, शिकारीवरचे जमीनदारी कायदे आणि गावच्या सामायिक कुरणांना कुंपण घालण्याची चाल या तिन्हींविषयी त्याने आत्मवृत्तात कठोर शब्द वापरले आहेत. परंतु चित्रांत तो उपदेश करत नाही. लाकडाचा दोन इंचांचा तुकडा भाषण देण्याइतका मोठा नसतो, ही अट त्याच्या फायद्याचीच ठरली.

एका चित्रात तर झाडे, झोपडी आणि घोडेस्वार असलेल्या निसर्गदृश्यावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा त्याने कोरला आहे, इतका हुबेहूब की छापलेल्या कागदावर कुणाचे शाई लागलेले बोट पडले असावे असे वाटते. हा विनोद आहे, आणि सहीदेखील. ज्या हाताने कोरले त्याची खूण चित्राच्या आत ठेवून चित्रकार व कारागीर एकच असल्याचा दावा त्याने या ठशातून केला आहे.

या चित्रांचा प्रभाव पुस्तकाबाहेर लांबवर पोहोचला. शार्लट ब्राँटेच्या १८४७ सालच्या ‘जेन एअर’ कादंबरीच्या आरंभी खिडकीच्या पडद्यामागे लपून बसलेली जेन ज्या पुस्तकाची चित्रे पाहत असते ते ब्युइकचे पक्ष्यांवरील पुस्तकच आहे. अमेरिकी पक्षिचित्रकार ऑड्युबन १८२७ साली न्यूकॅसलला येऊन त्याला भेटला आणि अमेरिकेतल्या एका पक्ष्याला त्याने ब्युइकचे नाव दिले; ब्युइकच्या निधनानंतर १८३० साली एका हंसालाही त्याचे नाव मिळाले.

हात आणि डोळा यांची फारकत

ब्युइक एकटा कोरत नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे. त्याच्या दुकानात अनेक उमेदवार होते, आणि जलपक्ष्यांच्या खंडातली कित्येक छोटी चित्रे ल्यूक क्लेनेलसारख्या शिष्यांनी कोरली, तर काहींचे मूळ रेखाटन रॉबर्ट जॉन्सनचे होते. कोणती रेषा गुरूची आणि कोणती शिष्याची हे ठरवणे अभ्यासकांना अनेकदा कठीण जाते. तरीही दुकानातल्या प्रत्येकाने त्या मुलखातले पक्षी, नदी आणि माणसे स्वतः पाहिलेली होती, आणि गुरूची नजर प्रत्येक ठोकळ्यावरून फिरत असे.

हे शिष्य लंडनला गेले तेव्हा परिस्थिती बदलली. चार्ल्टन नेस्बिट, विल्यम हार्वी, जॉन जॅक्सन हे लंडनच्या पुस्तकव्यवसायात नावारूपाला आले. एबेनीझर लँडेल्सने १८४१ साली ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि पुढच्याच वर्षी निघालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने काष्ठोत्कीर्णनाला बातमीच्या गतीला जुंपले. मोठे ठोकळे अनेक तुकडे बोल्टने जोडून तयार होऊ लागले, म्हणजे ते सोडवून एकेक तुकडा एकेका कारागिराला रातोरात कोरायला देता येई. मुंबईसह हिंदुस्थानातले कितीतरी प्रसंग ब्रिटिश वाचकांनी अशाच ठोकळ्यांच्या छाप्यांतून पाहिले. या व्यवस्थेत चित्रकार शाईच्या कलमाने लाकडावर काळी रेषा काढून देई आणि उत्कीर्णक त्या रेषेभोवतीचे लाकूड निमूटपणे काढून टाकी. हत्यार ब्युइकचे राहिले, विचार मात्र पुन्हा वुडकटचा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रावरून थेट ब्लॉक करण्याचे रासायनिक तंत्र आले, आणि नकलेवर उभा असलेला हा धंदा थोड्याच वर्षांत बसला.

लंडनमध्ये १९२० साली काष्ठोत्कीर्णकांची सोसायटी स्थापन करणाऱ्या ग्वेन रावेरा, रॉबर्ट गिबिंग्ज, नोएल रूक यांसारख्या कलावंतांनी मुख्य आग्रह धरला तो याच गोष्टीचा, की ज्याने चित्र कल्पिले त्यानेच ते लाकडावर कोरावे. ब्युइकपासून सुरू झालेला धागा त्याच्या शिष्यांच्या नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या या अपरिचितांच्या हाती पुन्हा लागला.

अखेरचा ठोकळा

म्हातारपणी ब्युइकच्या मनात आणखी एक योजना होती. बालपणी शेतकऱ्यांच्या घरांत पाहिलेले मोठे, स्वस्त भिंतीवरचे छापे आता नाहीसे होत चालले होते, आणि त्यांच्या जागी गरिबाच्या भिंतीवर लावता येईल असे मोठे काष्ठचित्र, एकाच चित्रासाठी एकाहून अधिक ठोकळे वापरून काळ्या-करड्याच्या अनेक छटांत छापावे, असे त्याला वाटत होते. त्यासाठी त्याने विषय निवडला तो मरणाची वाट पाहत पावसात उभ्या असलेल्या, हाडे वर आलेल्या म्हाताऱ्या घोड्याचा; हे चित्र प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास आळा घालणाऱ्या संस्थेला अर्पण करण्याचा त्याचा विचार होता. तारुण्यात दुसऱ्यांच्या शिकारी कुत्र्यांना, घोड्यांना आणि बैलांना त्याने दिलेली ऐट इथे नाही; सारी नजर या जनावराच्या खचलेल्या पाठीवर आणि खाली झुकलेल्या मानेवर आहे.

पहिल्या ठोकळ्याचा कच्चा छापा निघाला तो ब्युइकच्या आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात. ८ नोव्हेंबर १८२८ रोजी गेट्सहेड येथील राहत्या घरी त्याचे निधन झाले आणि त्याला ऑव्हिंगहॅमच्या चर्चच्या आवारात, ज्या थडग्यांच्या दगडांवर त्याने लहानपणी खडूने चित्रे काढली होती त्यांच्याच सान्निध्यात, पुरण्यात आले. मुलगी जेनसाठी त्याने १८२२ साली लिहायला घेतलेले आत्मवृत्त १८६२ साली प्रसिद्ध झाले. चेरीबर्नचे शेतघर आज ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे, आणि त्याचे कित्येक मूळ ठोकळे शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात जपले गेले आहेत. घोड्याच्या चित्राचे पुढचे ठोकळे कधीच कोरले गेले नाहीत. मुलगा रॉबर्टने १८३२ साली तो एकच अपुरा ठोकळा, वडिलांच्या हातातून सुटला होता तसाच, छापून प्रसिद्ध केला.